करवंटी आणि झेंडूचं रोप

कुंड्या-करवंट्या बोलायच्या आणि माणसं मुकाट ऐकून घ्यायची, तेव्हाची गोष्ट. दसऱ्याच्या तोरणातला जपून ठेवलेला वाळका झेंडू गोदूकाकूंनी माघात चुरून एका करवंटीत पेरला. चैत्र लागला तेव्हा रोप वीतभर झालं होतं, पण पानं पिवळी पडत होती.

"मावशी, मुळांना जागाच उरली नाही गं," रोप म्हणालं.

"गप बस. बाहेरचं ऊन बघितलंस का?" करवंटीने त्याला आणखी आवळलं.

शेजारची नवी कुंडी फणकारली, "अगं करवंटे, अशाने मरेल ते! एवढ्याशा वाटीत झाड मावतं होय?"

ही गोष्ट सांगणाऱ्या आम्हा दुकानदारांना विचाराल तर, लाडका माल फळीवर ठेवूनच खराब होतो.

रोप कुंडीत लावायला काकूंनी करवंटी उपडी करून बुडावर थाप मारली. रोप हलेना. ओढलं असतं तर देठच तुटला असता. करवंटीने त्या पिवळ्या पानांकडे पाहिलं आणि पकड सोडली. मातीचा गोळा अख्खाच्या अख्खा काकूंच्या तळहातावर उतरला.

"बाई गं, काय भरगच्च मुळं ही! एवढ्याशा वाटीत एवढी कोण वाढवतं?" कुंडीने विचारलं.

"मी," करवंटी ताठ्यात म्हणाली. "तुझ्याकडचं सासर ऐसपैस असेल, पण त्याचं माहेर माझं आहे. नीट सांभाळ त्याला."