रिकाम्या दाराचे वारसदार

एकदा एक शिष्य आपल्या गुरूचा प्रभाव मोजायला निघाला.

गुरू म्हणजे एक वयोवृद्ध चित्रपट-दिग्दर्शक. त्यांचे कृष्णधवल चित्रपट जुन्या पिढीने डोळे पुसत पाहिले होते आणि नव्या पिढीने अभ्यासक्रमात होते म्हणून पाहिले होते. शिष्य बरीच वर्षे त्यांचा सहायक होता. गुरूंच्या सत्कारसमारंभाच्या निमित्ताने त्याने एक माहितीपट करायला घेतला. विषय असा की, या थोर पुरुषाचा पुढच्या दिग्दर्शकांवर काय परिणाम झाला. हा झाला सांगण्याजोगा हेतू. आतला हेतू वेगळा होता. माहितीपटाच्या अखेरीस गुरूंनी कॅमेऱ्याकडे पाहून आपला खरा वारस कोण ते सांगावे आणि ते नाव आपले असावे, अशी त्याची इच्छा होती. त्याचा स्वतःचा पहिला चित्रपट कित्येक वर्षे मनातच अडकून पडला होता. गुरूंनी एकदा नाव घेतले की चित्रीकरण सुरू करायचे, असे त्याने ठरवून टाकले होते. काम सुरू न करण्यासाठी माणसाला नेहमीच एखादे उदात्त कारण सापडते.

गुरूंच्या चित्रपटांतली एक गोष्ट साऱ्यांना पाठ होती. पात्र घराबाहेर निघून जाई आणि कॅमेरा बराच वेळ त्या रिकाम्या दारावर थांबून राही. शिष्य एकेका दिग्दर्शकाला भेटला, तेव्हा प्रत्येकाने त्या दाराचेच ऋण मान्य केले. एकाच्या चित्रपटात दार इतका वेळ दिसे, की प्रेक्षक बाहेर जाऊन चहा पिऊन परत आले तरी ते तिथेच असे. दुसऱ्याने तर माळावर नुसती चौकट उभी केली होती. भिंत नाही, घर नाही, आणि नायक त्या चौकटीतूनच ये-जा करी. एका समीक्षकांनी ‘दार म्हणजे देह, आणि रिकामेपण म्हणजे मोक्ष’ असे सांगितले आणि पुढे बरेच काही सांगितले. शिष्यही मागे नव्हता. त्याने पूर्वी केलेला लघुपट पाहून त्याच्या चुलतभावाने भाबडेपणाने विचारले होते, की ही सुतारकामाची जाहिरात आहे का.

माहितीपट जवळजवळ पुरा झाला, तेव्हा शिष्याने तो गुरूंच्या घरी, बाहेरच्या खोलीत, त्यांना आणि गुरुपत्नींना दाखवला. गुरू आरामखुर्चीत बसले आणि पहिल्याच दाराला त्यांना डुलकी लागली. गुरुपत्नी मात्र जाग्या होत्या. प्रत्येक दार आले की त्या पदर तोंडाला लावून हसत, आणि मोक्षाच्या वेळी तर त्यांना ठसकाच लागला. शिष्याला हे फार लागले. तरीही त्याने धीर धरला, कॅमेरा लावला आणि गुरूंना हलवून जागे करत तो प्रश्न विचारला.

गुरू उठून स्वयंपाकघरात गेले आणि दह्याने भरलेले एक पातेले आणि दह्याचीच एक वाटी घेऊन आले. वाटीतले चमचाभर दही पातेल्यात घालून नीट ढवळ, झाकण ठेव आणि उबेला ठेवून दे, सकाळी बघू, असे त्यांनी शिष्याला सांगितले. शिष्याने ते भक्तिभावाने केले. गुरूंच्या कृतीत गहन अर्थ असणार, म्हणून त्याने झाकलेल्या पातेल्याचे चित्रीकरणही केले, आणि सवयीने जरा जास्तच वेळ केले.

सकाळी गुरुपत्नींनी झाकण उघडले आणि वास घेऊन नाक मुरडले.

“दह्याला विरजण कुणी लावलं? डोकं ठिकाणावर आहे ना?”

शिष्याने गुरूंकडे पाहिले. गुरू प्रसन्नपणे चहा पीत होते.

“ते दार हिच्या वडिलांचं,” ते म्हणाले. “सासरेबुवा माझे कॅमेरामन होते. माणूस जमदग्नी. मी नवा जावई. त्यांना ‘कट’ म्हणायची माझी छाती नव्हती. पात्र निघून जायचं, आणि सासरेबुवा आपण होऊन थांबेपर्यंत मी हात बांधून उभा राहायचो.”

शिष्याचा चेहरा उतरला. जन्मभर ज्याची पूजा केली, ती नुसती सासऱ्यांची भीती निघाली होती.

“म्हणजे आबा, ती चूकच होती?”

“चूकच. संकलनाला बसलो तेव्हा कापायलाच निघालो होतो. पण ते रिकामं दार बघितलं आणि माझा थोरला भाऊ घर सोडून गेला तो दिवस आठवला. आई दिवसभर दाराकडे बघत बसली होती. जेवली नाही, बोलली नाही. मला ते कापवेना. विरजण शेजाऱ्याकडून आणलं तरी चालतं, बाळ. मीही माझ्या गुरूंकडून आणलं होतं. पण दूध आपल्या घरचं लागतं. तुम्ही सगळ्यांनी माझ्या दह्यात माझंच दही कालवलंत. आंबट झालं, एवढंच.”

शिष्याला वाईट वाटले, आणि थोडी लाजही वाटली. तरी तो चिकाटीचा होता. त्याने अडखळत पुन्हा वारसाचा विषय काढला. गुरूंनी तो हाताने बाजूला सारला आणि तुझ्या घरचे काहीतरी सांग, म्हणाले.

इतकी वर्षे शिष्य जिथे जाई तिथे गुरूंच्याच आठवणी सांगत असे. स्वतःच्या घरात सांगण्यासारखे काही घडले असेल, असे त्याला कधी वाटलेच नव्हते. शेवटी तो चाचरत म्हणाला, “आमच्या आत्यानं लग्न मोडलं होतं. बोहल्यावर. अंतरपाट धरलेला, भटजी मंगलाष्टकं म्हणतायत, आणि ही म्हणाली, मला नाही करायचं. पाटावरून उतरली.”

“अरे वा,” गुरुपत्नी म्हणाल्या.

“मांडवात गोंधळ उडाला. आजोबा खांबाला धरून बसले. आणि आत्या सरळ पंगतीत जाऊन बसली. जिलबी केलीय, वाया कशाला घालवायची, म्हणाली. तिच्या ओळीत कुणी बसेना. एवढ्या मोठ्या पंगतीत ती एकटी जेवत होती.” शिष्याचा आवाज बदलला होता, पण त्याला ते कळले नव्हते. “मग एक बाई उठल्या आणि तिच्या शेजारच्या पानावर येऊन बसल्या. नवऱ्या मुलाची आई होती ती.”

आदल्या संध्याकाळी स्वतःची अखंड स्तुती चालू असताना घोरत पडलेल्या त्या वृद्ध माणसाने कप खाली ठेवला. दोन्ही हातांनी खुर्ची शिष्याच्या अगदी जवळ ओढली.

“मग?” त्यांनी विचारले. “पुढे काय झालं?”

शिष्याने त्यांच्या डोळ्यांत पाहिले. वारसाचे नाव त्याने पुन्हा विचारले नाही. तो पुढचे सांगू लागला.