राजा रिपुंजयाच्या नावडी

एका राज्यात रिपुंजय नावाचा राजा होता. त्याच्या आवडी थोड्या, नावडी फार. एकदा दरबारात आलेल्या मांत्रिकाचा घोगरा आवाज त्याला रुचला नाही, म्हणून त्याने त्याला बाहेर काढविले. मांत्रिक दाराशी वळून म्हणाला, "राजा, आजपासून तुला जे नावडेल ते दगड होईल."

तसेच झाले. पागेतला काळा घोडा दगड झाला. सनईवाला सोमाजी चौकात सनई ओठांशी धरून दगड झाला. राजाने दोघांवर चादरी टाकायला लावल्या आणि तो विषय काढायची सर्वांना बंदी केली. मग एके सकाळी राजकन्या मंजुघोषा भर दरबारात खळखळून हसली. राजाच्या कपाळाला आठी पडली, आणि हसता हसताच ती पाषाण झाली.

तेव्हा राजा अनवाणी निघाला, सात डोंगर ओलांडून एका औदुंबरापाशी पोहोचला. तेथे एक म्हातारी साळुंकी राहत असे. तिला सर्व शापांचे उतारे ठाऊक होते. तिने सांगितले की तिन्ही पाषाणांपुढे उभा राहा, आणि ते का नावडले ते चारचौघांत सांग; मात्र खोटे बोलशील तर तूच दगड होऊ लागशील.

राजा परतून पागेत आला. घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार गोळा झाले. घोडा खोडकर होता, असे राजाने सांगितले, तोच त्याच्या पायाचा अंगठा दगड झाला. तो खाली बघत म्हणाला, "मी भित्रा आहे. त्याच्यावर बसलो की माझे हात कापत." घोडा फुरफुरला. मोतद्दार हसले नाहीत, मुकाट्याने दुसरीकडे बघू लागले. राजाला तेच अधिक लागले.

चौकात सोमाजीची बायको उभी होती. तिच्यादेखत राजाने कबूल केले की सनई सुरू झाली की त्याच्याकडे कोणी बघत नसे, आणि तो मत्सराने जळे. सोमाजी जागा झाला. बायकोने नवऱ्याचा हात धरला आणि राजाला मुजरा न करताच ती त्याला घरी घेऊन गेली.

उरली राजकन्या. दरबार भरला. राजाची जीभ रेटेना. राजकन्येला असे हसणे शोभत नाही, एवढे तो बोलला आणि गुडघ्यांपर्यंत दगड झाला. मग त्याने डोळे मिटले.

"मी संशयी आहे. कोणी हसले की मला वाटते, मलाच हसले. पोटच्या पोरीविषयीही तेच वाटले."

शाप उतरला. राजाचे पाय मोकळे झाले. मंजुघोषेचे अर्धे हसू पुरे झाले आणि बापाचा चेहरा बघून थांबले.

"तात, खिडकीत दोन खारी भांडत होत्या. मी त्यांना हसले."

राजाला मान वर करवेना.

"यापुढे मी हसले तर?" तिने विचारले.

"मला पुन्हा राग येईल," राजा म्हणाला. "स्वभाव एका दिवसात जायचा नाही. पण दोष माझ्यात आहे, तुझ्या हसण्यात नाही, एवढे आज कळले."

 मग पुढे होऊन तिने बापाचे डोळे पुसले.

राज्याची घडी पुन्हा बसली. रिपुंजयाने पुढे पुष्कळ वर्षे राज्य केले. नावडणे काही सुटले नाही. पण काही नावडले की तो आधी आपल्याच मनात डोकावून बघे, आणि बहुधा लाजून गप्प बसे.