कावळ्याचं 'येऊ दे'

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा गाड्या ओढणारेच गाड्यांचे मालक होते. आठवडी बाजारात सगळ्या गाड्या रस्त्याकडेला ओळीनं लागायच्या. पोवळ्या नावाचा म्हातारा बैल आठ कोस चालून आला, तेव्हा छकडा आणि टांगा यांच्यामध्ये एकच जागा उरली होती. तो गाडी मागं सारू लागला. लिंबावरचा कावळा कुणी न सांगता ओरडू लागला, "येऊ दे, येऊ दे!"

कडाड! मागच्या टांग्याची दांडी मोडली.

"डोळे फुटले का तुझे?" टांग्याचा घोडा खेकसला.

"पाठीला डोळे कुठले, बाबा? या कावळ्याच्या आवाजावर आलो."

कावळा खाली उतरून तोऱ्यात म्हणाला, "मी 'येऊ दे' म्हणालो. 'धडक' म्हणालो का? चूक बैलाचीच."

पोवळ्याच्या अंगात भांडायचं त्राण नव्हतं. "बरं, माझीच," असं म्हणून तो गाडी ओढत लांब उन्हात जाऊन उभा राहिला.

थोड्या वेळानं त्याच जागेत एक रेडा आपली गाडी मागं सारू लागला. कावळा पुन्हा लिंबावरून ओरडला, "येऊ दे, येऊ दे!"

पोवळ्या उन्हातून बघत होता. या खेपेला 'येऊ दे' ऐकताच घोडा मोडकी दांडी सावरत हातभर मागं सरकला.