कडू घास

“...पण बाबा, ‘कन्डोलन्स’ला तोड आहे का आपल्या भाषेत?”

प्राध्यापक श्रीनिवास देशमाने फकिराच्या तकियाच्या ओट्यावर मांडी ठोकून बसले होते. इंग्रजीचा माणूस, शब्द त्यांच्या घरी पाणी भरत. दर जुम्म्याला गफूरबाबांकडे यायचे, आणि ऐकण्यापेक्षा ऐकवायचेच जास्त.

“अर्थ काय त्याचा?” डबा उघडत बाबांनी विचारलं.

“दुसऱ्याच्या दुःखात आपण दुखणं! मयताच्या घरी कळवायचा शब्द. दत्तू गेला तेव्हा त्याच्या भावाला मोबाइलवर मी तोच पाठवला. चारच ओळी, पण अशा उतरल्यात म्हणता...”

“दत्तू तुझा लंगोटीयार ना?”

“जिवाभावाचा.”

“मग घरी गेलास?”

श्रीनिवासरावांनी चष्मा पुसला. जायचं होतं हो! पण दत्तूच्या आईपुढं, राधाक्कापुढं उभं राहायची छातीच होत नव्हती. काल तेरावंसुद्धा त्यांच्याविना उरकलं.

“कॉलेजात परीक्षा होत्या,” ते म्हणाले.

बाबांनी डब्यातली पिठलं-भाकरी त्यांच्या हातावर ठेवली.

“खा.”

“वा! झकास झालंय पिठलं. कुणी केलं?”

“राधाक्कानं.”

घास तोंडातच राहिला.

“दत्तू गेला, तेव्हा तिच्या घरी चूल विझलेली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कडू घास नेला, बळंबळं भरवला. आता सुतक फिटलं. आज सकाळी चुलीपाशी बसली, आणि पहिली भाकरी इथं घेऊन आली. जुम्म्याला तू येतोस, ठाऊक आहे तिला.”

“माझ्यासाठी?... का?”

“म्हणाली, आमच्याकडं सगळा गाव आला. पण शिनूचा तर भाऊच गेला की. त्याला कुणी घास नेला असेल का?”

पोटचं पोर गेलेली बाई, आणि तिला घोर कुणाचा, तर यांचा! अरे देवा! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं श्रीनिवासरावांना.

हातातली भाकरी त्यांनी शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवली.

“बाबा, आता कुठल्या तोंडानं जाऊ मी तिच्याकडं?”

बाबा उठले. रांजणाशी जाऊन डबा विसळला, पुसला आणि श्रीनिवासरावांच्या मांडीवर आणून ठेवला.

“डबा तिचा आहे, शिनू. आणि माघारी देताना भांडं रिकामं देत नसतात.”