खैऱ्याचे पाय

“त्याले पाय असतात का?” मैनाआईनं विचारलं.

“कोणाले जी?”

“तुह्या त्या जंतूले.”

देवमन हसला. लिंबूबागेतलं आपल्याइतकं पंचक्रोशीत कुणाला कळत नाही, असं त्याचं मत होतं. खरं सांगायचं तर आमचंही तेच होतं.

मी तेव्हा मैनाआईच्या मठीत चुना द्यायला गेलो होतो. सात खांब, दोन दिवसांचं काम. सहा झाले होते, वाळलेही होते. उरलेला एक धुनीजवळचा. वर्षानुवर्षांच्या धुरानं काळा ठिक्कर, म्हणून शेवटी ठेवलेला.

बाहेर श्रावणाची झड लागली होती. देवमन ओलाचिंब आला होता. दाराशी त्याची ट्रॉली उभी, तिच्यात काटेरी तारेची बंडलं. आपली रोगट बाग आणि धाकट्या भावाची, सहदेवाची बाग यांच्यामध्ये तो आज तार ओढणार होता. सहदेवाची येण्याजाण्याची वाट त्या तारेनं कायमची बंद होणार होती. फक्त आईचा शब्द हवा होता, कारण दोघा भावांनी कानमंत्र तिचाच घेतलेला.

“पाय नसतात जी,” तो म्हणाला.

“पंख?”

“नाई.”

“मंग या झाडावून त्या झाडावर जाते कसा?”

“पाण्यावर. पान ओलं असलं का त्याच्या बारीक छिद्रातून आत शिरते. काट्यानं ओरखडा पडला असंल तं आखीनच बरं त्याले. आत वाढते, मंग पानावर खरबडीत फोड येते, भोवती पिवळं कडं. लिंबावर खपल्या. फोड भिजला का जंतू पुन्हा पाण्यात. हाच खैऱ्या. मले सारं पाठ हाय, आई.” तो जरा पुढं सरकला. “पण बागेच्या या टोकापासून त्या टोकाले थेंब काही उडत नाई. हे कोणीतरी नेल्याबिगर होत नाई... नाव सांगू?”

“थांब.”

आई धुनीतली लाकडं सारखी करत राहिली.

“सहदेवाच्या बागेत हाय का खैऱ्या?”

“यक डाग नाई. म्हणूनच तं म्हणतो.”

“तो बागेत कवा जाते?”

“पानं सुकल्याबिगर पाय ठेवत नाई तो. झड असली का घरीच. आळशी हाय, पहिल्यापासून.”

“अन् तू?”

“मी उजाडल्यापासून तिथंच. झडीतही. रोगट पानं आणून टाकते का कोणी, पाहायले नको? परतेक झाड पाहतो, हातानं. पान न पान. महिना झाला, एक दिवस चुकवला नाई.”

बापानं लावलेली सव्वाशे झाडं होती ती, बहुतेक सगळ्यांवर खैऱ्या आला होता. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू.

“वाचलं कोणतं?” आईनं विचारलं.

“विहिरीजवळची तीन. तिथं आग्या मोहोळ हाय. मी तिकडं जात नाई.”

आईनं मान वर केली. त्याच्याकडं पाहिलं.

 

“कसा पाहतो झाड? दाखव मले.”

“इथं?”

“हे खांब तुही झाडं. हे रोगट.” तिनं काळ्या खांबाला काठी टेकवली. “इथून सुरू कर.”

म्हातारीचं काहीतरीच, असं त्याच्या तोंडावर दिसलं. पण उठला. दोन्ही ओल्या हातांनी खांब चाचपला, वरून खाली, अगदी मन लावून. मग पुढच्या खांबाशी गेला. मी ओरडणारच होतो. आईनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी कुंचला धरून उभा राहिलो.

“होळीपासून बोलत नाई तो माह्याशी,” तिसऱ्या खांबाशी तो म्हणाला. हात खांबावर, डोळे दाराबाहेर, सहदेवाच्या बागेच्या दिशेला.

“नजर चुकवते,” चौथ्याशी म्हणाला.

“परवा बांधावर उभा होता. कायले उभा होता, सांगा बरं?” हे पाचव्याशी.

सातव्याला हात लावून तो वळला.

दुसऱ्या खांबावर दोन काळे पंजे उमटले होते, ठसठशीत. तिसऱ्यावर जरा फिके. चौथ्यावर, पाचव्यावर, सहाव्यावर. शेवटच्यावर नुसती बोटं. माझ्या दोन दिवसांच्या कामाचं वाटोळं.

“हे कोणं केलं?” देवमननं विचारलं, आणि रोखून पाहिलं ते माझ्याकडं.

माझे हात चुन्यानं पांढरे होते, तेवढे मी समोर धरले.

मग त्यानं स्वतःचे पाहिले.

...

पागोळ्या गळत होत्या. तो खाली बसला. पहिल्या खांबापासून शेवटच्यापर्यंत त्याची नजर एकदा गेली, मग विहिरीच्या दिशेला गेली आणि तिथंच राहिली.

“महिनाभर...” एवढंच तो म्हणाला.

आईजवळ पाण्याचा लोटा होता. त्यानं हात पुढं केला. आईनं लोटा आपल्याकडं ओढून घेतला.

“धू नको. असाच जा भावाकडं.”

तो उठला. ट्रॉलीकडं त्यानं पाहिलंही नाही, पायीच निघाला. उंबऱ्याशी आईनं त्याला थांबवलं.

“देवमन... झड हाय अजून. बांधावरूनच हाक मार त्याले.”