शेणाचं विरजण

आमच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला मळीपासून स्पिरिट काढायचा कारखाना होता. त्याचं तांबडं-काळं पाणी ओढ्यात आलं आणि एकेक करून म्हशी मेल्या. पिण्याची एक विहीर तेवढी उरली होती. तीही नासणार म्हणून गावानं गाऱ्हाणं घातलं, तेव्हा कुठं तपासणीचे साहेब पुन्हा आले.

मालक ढमढेरे खुर्चीत रेलून म्हणाले, "साहेब, आमच्या टाकीत जिवंत जंतू आहेत. ते सगळी घाण खातात, मगच पाणी बाहेर सोडतो. आजवर कधी मेले नाहीत."

साहेबांनी मान डोलावली आणि सहीला पेन काढलं.

तेवढ्यात चंद्राक्का पुढं झाली. गावातला सगळ्यात मोठा गोठा तिचा.

"मालक, हे जंतू येतात कुठून?"

"शेणातून, म्हातारे. दुधाला विरजण लावतेस ना, तसंच."

"मग दर तपासणीच्या आधी तुमची ट्रॉली माझ्या दारात शेणाला का येते? घरात दही असलेली बाई शेजारी विरजण मागायला जाते होय?"

लोक हसले. मालक ओरडले, "गप बस!"

"बसते. पण साहेब, या खेपेला ट्रॉली रिकामी गेलीय. टाकीत डोकावून बघा."

"रिकामी का गेली?" साहेबांनी विचारलं.

"शेण देणाऱ्या म्हशी यांचंच पाणी पिऊन मेल्या."

मग कुणी हसलं नाही. साहेब टाकीवर चढले आणि नाकाला रुमाल लावून उतरले. कारखान्याला त्याच दिवशी कुलूप लागलं. विहीर वाचली. चंद्राक्काच्या गोठ्यात मात्र रिकामी दावी अजून खुंट्यांना बांधलेली आहेत.