खिंडीतला बाजार

जनावरं आपला कारभार आपणच पाहत होती, तेव्हाची गोष्ट. डोंगरावर शेळ्यांचं गाव होतं, पायथ्याला म्हशींचं. दुसऱ्याचा बाजार मोडावा म्हणून दोन्ही गावं सोमवारीच बाजार भरवायची. गिऱ्हाईक वाटलं जाई आणि दोन्ही बाजार ओस पडत. शेवटी मीठ विकणाऱ्या लादू गाढवानं येणंच सोडलं. मिठावाचून करडं रोडावली, म्हशी आटल्या.

शेळ्यांची पाटलीण भिंगराबाई लादूला भेटायला मिठागरापर्यंत चालत गेली. तिथे म्हशींचे कारभारी रेडेबुवा आधीच येऊन बसले होते.

"अर्ध्या बाजारासाठी एवढी वाट कोण तुडवणार?" लादू म्हणाला. "दोघांचा मिळून एकच भरवा, मधल्या खिंडीत. मग येतो."

"खिंड आमची आहे," भिंगराबाई म्हणाली.

"स्वप्नात!" रेडेबुवा फुरफुरले.

"मग बसा भांडत," म्हणून लादू वळला.

भिंगराबाई रेडेबुवांकडे वळली. "बुवा, घरी माझी नात मिठासाठी भिंत चाटतेय. खिंडीत जायची वाट आम्ही शोधतो. दगड हटवायला तुमची ताकद लागेल."

"आमचीही पोरं तेच करतात, बाई," रेडेबुवा हळूच म्हणाले.

पुढे खिंडीत पहिला बाजार भरला. लादूनं मिठाची गोणी कुणाच्या हद्दीत उतरवायची, यावर दोघांची पुन्हा जुंपली. लादूनं ती उभा होता तिथेच सोडली. एक रेडकू आणि एक करडू लगेच तिला बिलगून मीठ चाटू लागली.

"सरक की थोडं," रेडकू म्हणालं.

करडू सरकलं.